कुणी म्हणे उताणं, कुणी म्हणे कुशीवर : नाशिकच्या प्रसूतिगृहांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या प्रसूतिगृहांचे डॉक्टर, तिथल्या सिस्टर,
आणि डिस्चार्जनंतर आमच्या दारात येणाऱ्या आशाताई यांना

विषय : तोंडातल्या टाळूला फट असलेल्या बाळाला कसं झोपवायचं, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मिळण्याबाबत

सादर नमस्कार.

माझी मुलगी आता साडेतीन वर्षांची आहे. अंगणवाडीत जाते, दिवसभर तोंड बंद नसतं, फक्त ‘काकडी’ म्हणताना ‘क’ अजून थोडा नाकातून येतो. टाळूचं ऑपरेशन अकराव्या महिन्यात झालं, नीट झालं. तेव्हा हे रडगाणं नव्हे. माझं गाऱ्हाणं आहे ते डिस्चार्ज कार्डावरच्या एका कोऱ्या जागेबद्दल.

त्या कार्डावर वजन होतं, लसींच्या तारखा होत्या, ‘दूध वाटी-चमच्याने, बाळाला उभं धरून’ असं लिहिलं होतं, प्लास्टिक सर्जनना दाखवा असंही होतं. नवजात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं. त्या सोळा-सतरा तासांबद्दल कार्डावर एक अक्षर नव्हतं. रुग्णालयाचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या माणसांनी माझं बाळंतपण मायेनं केलं, आणि पुढे अशा बाळांच्या ज्या ज्या आया भेटल्या त्यांच्याही कार्डावर ही जागा कोरीच होती.

आता पहिल्यापासून सांगते.

डिसेंबर महिना. बाळ झाल्याच्या दुसऱ्या रात्री पाजताना दूध तिच्या नाकातून आलं. मला वाटलं, जास्त झालं असेल. थोड्या वेळानं पुन्हा आलं, शिंकेबरोबर, दोन्ही नाकपुड्यांतून. रात्रपाळीच्या सिस्टरनी मोबाईलचा टॉर्च लावला, चमच्याच्या दांडीनं जीभ हलकेच दाबली आणि म्हणाल्या, “ताई, टाळूला फट आहे हो.” ओठ अगदी अखंड होता, म्हणून तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जन्मल्यावर तोंडात बोट फिरवून पाहिलं होतं म्हणे. पण मागच्या मऊ टाळूची फट बोटाला चुकू शकते. ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं २०१४ मध्ये हेच सांगितलंय की नुसतं बोट पुरत नाही, उजेड धरून, जीभ दाबून, डोळ्यांनी बघा. त्या सिस्टरनी हे कुठे वाचलं होतं की नाही देव जाणे, पण रात्री अडीच वाजता त्यांनी नेमकं तेच केलं.

सकाळी माझी आजी आली. माझं माहेर निफाडकडचं, पहिलं बाळंतपण माहेरचं, त्यामुळे आजीचा हक्कच होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पाच लेकरं आणि अकरा नातवंडं न्हाऊ-माखू घातलेली. मी रडत रडत सांगितलं, “आजी, बाळाच्या टाळूला फट आहे.” ती हसलीच. “अगं येडे, टाळू उघडीच असते. तेलानं भरून येती.” पिशवीतून तेलाची वाटी काढली, कापसाचा बोळा बुडवला आणि बाळाच्या डोक्यावर ठेवून दिला.

डोक्यावर धपापते तीही टाळू आणि तोंडाचं छत तीही टाळू. आपल्या भाषेत दोन्हींना एकच नाव. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमचं अर्धं घर निर्धास्त होतं, तेल घातलंय, भरेल. आजीला मी दोष देत नाही, तिला कुणी दाखवलंच नव्हतं. तुम्ही सांगताना ‘तोंडातली टाळू’ म्हणा, आणि आईच्या जोडीनं आजीलाही टॉर्चच्या उजेडात ती फट दाखवा. घरी गेल्यावर बाळाला पाळण्यात घालणारे हात आजीचे असतात. आई त्या दिवसांत शेकाला बसलेली असते नाहीतर झोपलेली.

चौथ्या दिवशी निघताना मी विचारलं, “हिला झोपवायचं कसं?” राउंडवरचे बालरोगतज्ज्ञ चालता चालता म्हणाले, “पाठीवर, सगळ्या बाळांसारखं.” संध्याकाळच्या सिस्टर म्हणाल्या, “कुशीवरच ठेवा, नाहीतर ठसका लागेल.” वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, “पालथी घाल, दूध आपोआप बाहेर येतं.” आणि माहेरी पोचलो तर माळ्याच्या कडीला आजीनं झोळी बांधून ठेवलेली. एक ना धड, भाराभर चिंध्या. चौघांच्याही बोलण्यात माया होती, चौघांनीही बाळाला झोपलेलं पाच मिनिटं पाहिलं नव्हतं.

निफाडची थंडी तुम्हाला सांगायला नको. त्या आठवड्यात पारा एक आकडी होता, द्राक्षाच्या बागांत पहाटे शेकोट्या पेटत होत्या. खोलीची दारं-खिडक्या बंद, कोपऱ्यात शेगडी, बाळाला कुंची, दोन दुपटी आणि वरून शाल. झोळीत डोक्याखाली मोहरीची उशी, डोकं गोल व्हावं म्हणून. मी शेजारी पडून ऐकत होते. घर्र, घर्र, घर्र. मग काहीच नाही. मग एकदम उसासा टाकल्यासारखा आवाज आणि पुन्हा घर्र. “गाढ झोपलीय, घोरतीय,” आजी म्हणाली. आठ दिवसांचं बाळ घोरतं हे ऐकून सगळ्यांना हसू आलं. मलाही आलं, खोटं कशाला बोलू.

बाराव्या दिवशी पाचवीचे-बारशाचे पाहुणे पांगल्यावर मी झोळीची कड उघडून बॅटरी लावली. हनुवटी छातीला टेकलेली. दर श्वासाला बरगड्यांच्या खाली वाटी ठेवावी असा खड्डा पडत होता. नाकपुड्या फुललेल्या. कुंचीच्या आत केस घामानं ओले, एवढ्या थंडीत. उचलून खांद्यावर उभी धरली तर अर्ध्या मिनिटात आवाज बंद, बाळ जागं, डोळे टकटक. माझ्या तोंडचं पाणी पळालं. वडिलांनी शेजारच्यांची क्रेट भरायची पिकअप काढली आणि आम्ही औरंगाबाद रोडनं नांदूर नाक्यावरून नाशिक गाठलं. मांडीवर जागं असताना ती इतकी छान होती की दारातल्या डॉक्टरांनी विचारलं, “काय होतंय नक्की?”

तुम्ही बाळ पाहता तेव्हा ते जागं असतं. ओपीडीत ते रडत असतं, आणि अशा बाळाचा श्वास रडताना मोकळा असतो. आशाताई येणार म्हटलं की आम्ही बाळाला उठवतो, तोंड पुसतो, पावडर लावतो आणि वजनाच्या झोळीत देतो. ज्याला कळतं त्याच्यासमोर बाळ झोपतच नाही, आणि ज्याच्यासमोर झोपतं त्याला काय पाहायचं ते कुणी सांगितलेलं नसतं.

त्या रात्री मात्र तिला झोपवून पाहिलं गेलं. पायाला लाल दिव्याची पट्टी गुंडाळली, तारेचं दुसरं टोक रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या मशीनला. उताणी झोपली की काही मिनिटांत आकडा ९० च्या खाली, ८६, एकदा ८४. कुशीवर वळवली की ९६, ९७. असं रात्रभर, तीन-तीनदा. सकाळी डॉक्टरांनी तिचं तोंड बाजूनं दाखवलं. हनुवटी आत होती. समोरून गोंडस दिसणारा चेहरा बाजूनं पाहिला तर खालचा जबडा वरच्यापेक्षा चांगलाच मागे. जबडा छोटा म्हणून जिभेला जागा कमी, जागा कमी म्हणून उताणं झोपलं की जीभ घशात मागे पडते आणि वाट अडते. १९२३ मध्ये पिअर रॉबिन नावाच्या फ्रेंच मुखरोगतज्ज्ञानं ही साखळी वर्णन केली, त्याच्याच नावानं ती ओळखली जाते. पोटात असतानाच जबडा मागे राहिला की जीभ वर अडकून बसते, आणि टाळूच्या दोन बाजू मध्ये येऊन जुळायच्या त्या जुळत नाहीत. म्हणजे आमच्याकडे फट हे मूळ नव्हतं, मूळ हनुवटीत होतं.

शेजारच्या खाटेवर पेठ तालुक्यातली एक मुलगी होती, माझ्याहून लहान, तिच्या बाळाचा ओठही फाटलेला आणि टाळूही. दिसायला त्याचं प्रकरण माझ्या मुलीपेक्षा कितीतरी मोठं. त्याच्या पायाला तीच पट्टी लावली, आकडा रात्रभर ९७ वरून हलला नाही. हनुवटी जागच्या जागी. त्याला पाठीवर झोपवायला सांगितलं. तिनं माझं बाळ कुशीवर पाहिलं आणि गुपचूप आपलंही कुशीवर केलं. सिस्टरनी येऊन उताणं केलं. तिनं पुन्हा वळवलं. तिसऱ्यांदा सिस्टर वैतागल्या तेव्हा ती मला हळूच म्हणाली, “तुमच्या पोरीला चांगलं सांगितलं, आमच्याला साधंच सांगून वाटेला लावतात.” मला काय बोलावं सुचेना. शेवटी डॉक्टरांनी खाली बसून तिला आपल्या हाताची बोटं जीभ आणि तळवा जबडा करून दाखवलं, तिच्या बाळाचा जबडा पुढे कसा आहे ते तिच्याच बोटानं चाचपायला लावलं. मग ती मोकळं हसली. त्याला पाचसुद्धा मिनिटं लागली नाहीत.

टाळूला फट दोघांच्याही, पण दोन बाळं, दोन उत्तरं. म्हणूनच ‘टाळू फाटलेल्या बाळाला कुशीवर ठेवा’ असं सरसकट सांगितलेलं मला नको आहे आणि ‘सगळ्या बाळांसारखं’ असं चालता चालता सांगितलेलंही नको.

पाठीवर झोपवायचा नियम कुणाची लहर नाही, हे मला नंतर समजलं. पूर्वी पाश्चात्त्य देशांत बाळांना पालथं झोपवायची रीत होती. १९९१ मध्ये ब्रिटननं आणि १९९४ मध्ये अमेरिकेनं ‘पाठीवर झोपवा’ अशी मोहीम काढली, आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्यावर आलं. आपल्याकडे आज्यांची भीती एकच, उताणं झोपलं तर दूध श्वासात जाईल. ती भीती खोडून काढायला नुसतं ‘नाही जात’ म्हणून चालत नाही, का जात नाही ते सांगावं लागतं. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनळी वर असते आणि अन्ननळी तिच्या खाली. वर आलेल्या दुधाला श्वासनळीत शिरायला चढ चढावा लागतो. पालथं घातलं की उलट, श्वासनळी खाली येते आणि दूध उतारानं तिच्याकडे जातं. माझ्या आजीला मी हे स्वयंपाकघरात दोन फुंकण्या एकीवर एक धरून दाखवलं. तिनं दोन्ही फुंकण्या माझ्या हातातून घेतल्या, उलट्या-सुलट्या केल्या आणि म्हणाली, “मग हे आधी का नाही सांगत कुणी?”

फट असलेल्या बाळात गोष्ट जरा वेगळी होते. मऊ टाळूचे स्नायू जिथे जोडलेले असायला हवेत तिथे नसतात, जीभ कधी फटीत जाऊन बसते, आणि झोपेत श्वास अडायची शक्यता इतर बाळांपेक्षा जास्त असते. तज्ज्ञांचंही यावर एकमत नव्हतं. ब्रिटनमधल्या क्लेफ्ट (म्हणजे फाटलेला ओठ-टाळू) केंद्रांपैकी काही पाठीवर सांगत, काही कुशीवर, आणि शेवटी महिन्याभराच्या बाळांवर त्यासाठी चाचणी घ्यावी लागली. तेव्हा आमच्या वॉर्डात डॉक्टर एक आणि सिस्टर दुसरंच सांगत होत्या यात फार नवल नाही. मात्र निदान एका जागेतल्या सगळ्या माणसांनी तरी आईला एकच गोष्ट सांगावी. माझी मागणी तेवढीच आहे. तुमच्या इमारतीत तरी एक उत्तर असू द्या, आणि ते तोंडी न ठेवता कार्डावर उतरू द्या.

त्यासाठी सिंहस्थाच्या बजेटची गरज नाही. फट सापडली की डिस्चार्जच्या आधी बाळाला एकदा तुमच्यासमोर झोपू द्या, दूध पिऊन झाल्यावरची एक पुरती झोप, उताणं. हनुवटी बाजूनं बघा. आवाज ऐका, दुपटं बाजूला करून छातीखाली पाहा. पायाला पट्टी लावा, एक रात्र ठेवता आलं तर ठेवा. सगळं ठीक असेल तर लिहा, ‘पाठीवर, सपाट, उशी नाही’. ठीक नसेल तर क्लेफ्ट टीम असलेल्या ठिकाणी पाठवा आणि पाठवण्याआधी लिहा की तिथे पोचेपर्यंत बाळाला कसं ठेवायचं. सुरगाण्याहून नाशिकला यायचं तर एसटीत अख्खी सकाळ जाते, आणि अपॉइंटमेंट आठवड्यानं मिळते. त्या आठ रात्री बाळ कुठल्या अंगावर झोपणार हे आईनं ठरवायचं का?

आम्हाला कुशीवर सांगितलं तेव्हा सिस्टरनी ते करून दाखवलं. खालचा हात खांद्यातून पुढे काढायचा म्हणजे बाळ पालथं कलंडत नाही. पाठीला दुपट्याची गुंडाळी, उशी, लोड काहीही लावायचं नाही, ते सरकून तोंडावर येतं. मग माझ्याकडून दोनदा करून घेतलं. आजीकडून तीनदा. कारण कुशीवरचं बाळ पालथं व्हायचा धोका आहेच, आणि तो पत्करायचा तर का पत्करतोय हे माहीत असावं. दर पंधरवड्याला बोलावलं, वजन आणि आकडा पाहिला. चौथ्या महिन्याच्या सुमारास जबडा बराच पुढे आला, उताण्या झोपेतही आकडा टिकला, तेव्हा कार्डावर नवी ओळ आली, ‘आता पाठीवर’. (हे वाचणाऱ्या आयांनो, माझ्या पोरीचं पाहून तुमच्या बाळाला कुशीवर करू नका. पेठच्या त्या बाळाला आठवा. डॉक्टरांनी तपासून वेगळं सांगेपर्यंत पाठीवरच.)

घरातल्या सामानाबद्दलही बोला, नाहीतर कार्डावरची ओळ झोळीत जाऊन पडते. झोळीत बाळाचं अंग कमानीसारखं वळतं आणि हनुवटी छातीवर येते. ज्याची वाट आधीच अरुंद, त्याची उरलीसुरली बंद. मोहरीच्या उशीनं डोकं पुढे ढकललं जातं, परिणाम तोच. डोकं मागून चपटं होईल ही काळजी असेल तर बाळ जागं असताना, आपण समोर बसून, थोडा वेळ पालथं घालावं, मानही धरायला शिकतं. दूध वर येतं म्हणून पाळण्याच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवतात, आमच्या वहिनीनं ठेवल्या होत्या. बाळ उतारावरून खाली घसरतं आणि मान वाकते, फायदा काहीच नाही. त्यापेक्षा पाजल्यावर ढेकर काढून अर्धा तास खांद्यावर उभं धरणं खरं. ते कंटाळवाणं काम आहे, पण घरात आजोबा रिकामे असतात. आमच्याकडे आजोबांनी ते काम पेपर वाचता वाचता केलं, चार महिने.

बाळ वेगळ्या खोलीत, वेगळ्या क्रिबमध्ये असं काही सांगू नका, कुणी ऐकणार नाही. आमच्या सातपूरच्या घरात वेगळी खोलीच नाही. ‘आईच्या हाताच्या अंतरावर, पण तिच्या गोधडीत नाही’ असं सांगा. जमिनीवर सतरंजीची घट्ट चौघडी, वर ताणून घातलेली एक चादर, बस. गादी कापसाची, मऊ, खड्डा पडणारी नको. निफाडच्या थंडीत स्वेटर-पायमोजे घाला, पण तोंडाजवळ शाल, रग काही नको आणि घरात डोक्यावर कुंची नको. मानेमागे हात घालून बघा, घाम असेल तर एक थर काढा. शेगडी आणि धुरी खोलीबाहेर. विडी ओढणाऱ्यानं बाळाशेजारी झोपू नये, हे घरातल्या पुरुषाला सिस्टरनीच सांगावं, सुनेनं सांगितलं तर महाभारत होतं.

आणि ते बोटाला चिमटा लावायचं यंत्र. कोविडात घरोघर आलेलं. सासरी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या नवऱ्यानं ते कपाटातून काढून बाळाच्या पायाच्या अंगठ्याला लावलं. एकदा ७१ दाखवलं, एकदा ९९, एकदा नुसत्या रेघा. ७१ पाहून सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. मोठ्या माणसाच्या बोटासाठी केलेलं यंत्र तान्ह्या बाळाच्या अंगठ्यावर भरवशाचं नसतं, एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर ती रात्र वाचली असती.

आशाताई, आता तुमच्याशी थोडं. तुम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येता. घरी जाऊन नवजात बाळ पाहायची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीतल्या कामातून पुढे आली आणि देशभर गेली. बाळ झोपलेलं असेल तेव्हा, शक्य असेल तर, आम्हाला उठवू देऊ नका. आधी दोन मिनिटं बघा. घरघर आहे का, श्वास मध्येच थांबतो का, छातीखाली खड्डा पडतो का, ओठांभोवती निळसर झाक येते का. घड्याळ लावून श्वास मोजायला तुम्हाला शिकवलेलंच आहे, मिनिटाला ६० किंवा जास्त असले तर थांबायचं नाही. पाजायला दर वेळी अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल, वजन जागचं हलत नसेल, तर तेही त्याच दुखण्याचं लक्षण असू शकतं, कारण श्वासासाठी झगडणारं बाळ प्यालेलं सगळं तिथेच खर्च करतं. मग उठवा, वजन करा, पावडर लावलेलीच असेल.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून सुरू झाला. त्यातल्या आजार-दोषांच्या यादीत फाटलेला ओठ आणि टाळू आहे, आणि त्या वाटेनं उपचार मोफत होतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, माझ्या मुलीचं ऑपरेशन आम्हाला पैसे न मोजता मिळालं. पण ओठाचं ऑपरेशन साधारण तिसऱ्या महिन्याच्या पुढे, टाळूचं नवव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत. तोवरच्या रात्री घरातच काढायच्या असतात. आणि हो, टाळू शिवल्यावर पुन्हा काही दिवस तोंडात सूज असते, तेव्हाही झोपेची ओळ नव्यानं लिहून द्या. आम्हाला ती लिहून मिळाली होती, म्हणून तो आठवडा सोपा गेला.

एक गोष्ट लिहावी की नाही यावर मी बराच विचार केला. बारशाला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी मला विचारलं, “ग्रहणात काही चिरलं होतंस का?” मी सातव्या महिन्यातलं ग्रहण आठवत बसले. टाळू जुळते ती गरोदरपणाच्या सहाव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास, कित्येकींना तेव्हा नुकतीच कुठे दिवस गेल्याची खात्री झालेली असते. काहींच्या घराण्यात असतं, काही वेळा फिटची काही औषधं, तंबाखू, ताब्यात नसलेली साखर यांचा हात असतो, आणि बऱ्याचदा कारण सापडतच नाही. जगभरात साधारण ७०० बाळांमागे एकाला ओठाची किंवा टाळूची अशी फट असते. माझा मुद्दा ग्रहणाचा नाही. ज्या बाईच्या मनात ‘माझ्या हातून झालं’ हे बसलंय, ती बाळ रात्री घरघरलं तरी बोलत नाही. तिला वाटतं आणखी एक दोष निघेल. मी चार रात्री बोलले नव्हते. तुम्ही फट दाखवता त्याच वेळी, सासू-नवऱ्यासमोर, “हिच्या चिरण्या-कापण्यानं हे झालेलं नाही” एवढं मोठ्यानं म्हणा.

कार्डावर लिहायची ओळ अशी असावी असं मला वाटतं. शब्द तुमचे घाला, पण जागा ठेवा :

‘तोंडातल्या टाळूला फट आहे. झोपेत पाहिलं, तारीख अमुक. झोपवणे : पाठीवर / कुशीवर (एकावर खूण). सपाट, घट्ट अंथरूण. झोळी, उशी, लोड नाही. घरघर, श्वास थांबणे, छातीखाली खड्डा, निळे ओठ : लगेच उचलून उभं धरा आणि घेऊन या. पुन्हा झोपेत पाहणे, तारीख अमुक.’

मंगळवारी माझी सुट्टी असते. अशा बाळाची आई तुमच्या वॉर्डात असेल आणि तिला कुणी बोलायला हवं असेल तर मी सातपूरहून सिटीलिंकनं येईन. आजीला सोबत आणायला सांगा.

आपली,
एक आई, सातपूर

ता. क. : मोहरीच्या उशीचं काय झालं असं पेठची ती मुलगी परवा फोनवर विचारत होती. आजीनं शिवण उसवली, मोहरी उन्हात घालून पाखडली आणि डब्यात भरली. अभ्रा धुऊन ठेवलाय, त्यात आता माझी मुलगी गोट्या ठेवते.